आता वर्षातून एकदाच

दवाखान्यात पुढची तारीख घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. थोरलीचे स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून पाच वर्षं झाली होती, हे त्यांच्या बोलण्यातूनच कळलं.

“ताई, आता वर्षातून एकदाच यायचं, आणि तू तोंड पाडून उभी!”

“सहा महिन्यांचीच तारीख द्या म्हणू का?”

“काहीतरीच तुझं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, सगळं ठीक आहे.”

“तेव्हाही मला ठीकच वाटत होतं. जन्मभर बायकांचे ब्लाउज शिवले. रोज दहाजणींच्या छातीला टेप लावायचे, पण स्वतःचं काही कळलं नाही.”

“म्हणून तर घरी स्वतः तपासत जा म्हणतात.”

“मी नाही तपासत.”

“म्हणजे?”

“पाच वर्षांत एकदाही नाही. अंघोळसुद्धा डोळे मिटून करते. इथे बाईंनी हात लावून बघितलं की जीव भांड्यात पडायचा. मग महिनाभर झोप लागायची.”

“आणि नंतर?”

“नंतर पुढच्या तारखेपर्यंत दिवस ढकलायचे.”

“अगं, मग बोलली का नाहीस कधी?”

“तुम्ही सगळे इतके खूश होता.”

खिडकीतून कार्ड बाहेर आलं. तारीख पुढच्या वर्षाची होती. धाकटीने ते पिशवीत ठेवलं.

“दर महिन्याला मी येत जाईन, ताई. मी बघत जाईन.”

“आणि तुझ्या हाताला काही लागलं, तर सांगशील मला?”

“चल. पुढे पायरी आहे, जपून.”