सहा जणांचा डबा

मंडळी, आजच्या कीर्तनात आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर तुम्ही चप्पल घालेपर्यंत विसरता, मला माहीत आहे! प्रश्न असा — जो अजून आलेलाच नाही त्याची सोय आधी बघायची, की जो चाळीस वर्षं शेजारी बसलाय त्याची? हां! आत्ता माना हलल्या. बायकांच्या हलल्या. पुरुषमंडळी पंख्याकडे बघतायत!

तर ऐका. कऱ्हाडात प्रल्हादराव टोणपे राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. माणूस सज्जन, कष्टाळू, पण खोड एकच — पाहुण्यांची काळजी! घरात नवराबायको दोघंच, आणि गाद्या अकरा. नाव प्रल्हाद, पण खांब फोडून साक्षात नरसिंह प्रकटला असता तर हे म्हणाले असते, "थांबा हं देवा, आधी खुर्ची आणतो!"

हसा, हसा. मालनकाकूंना मात्र हसू येत नव्हतं. मालनकाकू म्हणजे प्रल्हादरावांची बायको. वय सत्तर. त्यांचे वडील फॉरेस्ट गार्ड, पाटणच्या पलीकडं वाघजाईच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावर, नोकरीला. सात वर्षांची मालन वडिलांच्या खांद्यावर बसली आणि तिनं कारवी फुललेली पाहिली. कारवी ठाऊक आहे ना? सात वर्षं नुसती झुडपं. कुणी ढुंकून बघत नाही. आणि सात वर्षांतून एकदाच फुलते — तीही अशी की अख्खा डोंगर जांभळा!

त्यानंतर किती वेळा फुलली असेल? करा हिशोब. काकूंनी कितीदा पाहिली? एकदाही नाही! एकदा लग्न, एकदा बाळंतपण, एकदा सासूबाईंचं आजारपण, आणि उरलेल्या प्रत्येक खेपेला — घरात पाहुणे! आता सत्तर झाली, गुडघे बोलायला लागले. पुढची कारवी सत्त्याहत्तराव्या वर्षी. काकूंनी चैत्रातच सांगून टाकलं, "अहो, या भाद्रपदात मला सड्यावर न्या. पुढचा भरवसा मला नाही."

प्रल्हादराव एका पायावर तयार! पण अडचण अशी, की सड्यावर मुक्कामाला घर नाही, लॉज नाही. एका दिवसात जाऊन यायला काकूंची कंबर तयार नाही. मग प्रल्हादरावांनी फोनवर बघून शोध लावला — जीपच्या मागं जोडायचा ट्रेलर! चाकांवरचं घर हो! आत झोपायचं, मागचं झाकण उचललं की ओटा, ओट्यावर शेगडी. काकूंनी मनातल्या मनात सड्यावर चहासुद्धा ठेवला.

पाटण रस्त्याला इकबालभाई मुजावरांचं वर्कशॉप. असे डबे बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी एक छोटासा डबा दाखवला. उंच चाकं, पोट जमिनीपासून चांगलं हातभर वर, खाली धक्के सोसणारे दणकट पाटे. आत दोघांची गादी. काकू आत जाऊन आडव्या झाल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "हाच!"

इकबालभाई म्हणाले, "सायेब, कच्च्या रस्त्याला ह्योच घ्या. हलका हाय, जीपच्या मागनं गुमान येतोय."

प्रल्हादरावांनी टेप काढला. लांबी मोजली, रुंदी मोजली, आणि विचारलं — काय विचारलं असेल?

"पाहुणा आला तर?"

अहो, जंगलात! सड्यावर! तिथं पाहुणा म्हणजे बिबट्या येणार, दुसरं कोण?

काकू म्हणाल्या, "कोण येणार आहे तिथं?"

"तसं नाही मालन. कुणी आलंच, तर बस कुठं म्हणायचं? बरं दिसतं का?"

बरं दिसतं का! कुणाला दिसणार, ते विचारू नका!

वैशाखात इकबालभाईंनी दुसरा दाखवला. टपावर घडीचा तंबू, वर दोघं, खाली दोघं. प्रल्हादराव शिडीकडं बघत राहिले. "ही शिडी पाहुणेमंडळींना चढवेल का हो? समजा कुणी वयस्कर असलं?"

"वयस्कर मी आहे!" काकू ओरडल्या. "शिडी मला चढायची नाहीये, मी खाली झोपणार आहे, आणि वर कुणीही नाहीये!"

इकबालभाईंनी उगाच एक नट पुसायला घेतला. शहाणा माणूस! नवराबायकोच्या मध्ये पडला नाही.

ज्येष्ठ गेला. आषाढ गेला. प्रल्हादराव कागदावर चौकोन काढतायत — इथं बाक, इथं जेवणाचं टेबल, इथं पाहुण्यांच्या बॅगा! काकू रोज दिनदर्शिकेकडं बघतायत. शेवटी श्रावणात ऑर्डर गेली. सहा जणांचा डबा! लांबच लांब, आणि वजनानं पोट खाली आलेलं.

इकबालभाई हात जोडून म्हणाले, "सायेब, बांधून देतो. पर घाटात ह्यो वळायचा न्हाई."

"वळवू हो," प्रल्हादराव म्हणाले. "धरणं बांधलीत आम्ही!"

धरण वळवावं लागत नाही, हे कुणी सांगायचं त्यांना?

गणपती गेले, आणि दोन दिवसांनी स्वारी निघाली. डब्यात सहा ताटं, सहा उशा, सहा जणांचा शिधा. जीपमध्ये माणसं दोन. डांबरी रस्ता संपला, कच्चा घाट लागला. पहिलं वळण निघालं. दुसऱ्याला डब्याचं पोट दगडाला घासलं. तिसऱ्या वळणावर — धाडकन! मागचं टोक दरडीत, एक चाक चरात, आणि पुढं जीप रस्त्याला आडवी. पुढं नाही, मागं नाही! आणि सडा किती लांब? अवघा तीन किलोमीटर!

काकू खाली उतरून रस्त्याकडेच्या दगडावर सड्याकडं तोंड करून बसल्या. बायको अशी पाठ फिरवून बसते ना मंडळी, तेव्हा घाबरायचं असतं.

इतक्यात वरच्या वाडीतली एक जीप खाली येत होती, ती अडली. तिचे चालक धोंडिबा खाली उतरले. डब्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ट्रॅक्टरबिगर निघत न्हाई ह्यो. मी वाडीला माघारी जातो नि घिऊन येतो. वाट सड्यावरनंच हाय. मावशी, तुमी दोघं चला की! शेजारी बसा, फुलं बघा, येताना ट्रॅक्टरवाल्यासंगट आनून सोडतो."

काकू उठल्याच! गुडघे कुठं गेले कुणास ठाऊक. "अहो, चला!"

प्रल्हादरावांनी डब्याकडं पाहिलं. "आणि हे सगळं? उघड्यावर टाकून? तू हो पुढं. मी थांबतो. कुणी आलं तर?"

कुणी आलं तर! देवा रे देवा! चाळीस वर्षं संसार केलेली बाई हात धरून ओढतेय, आणि ह्यांना न आलेल्या माणसाची काळजी!

"अहो, फुलं थांबायची नाहीत," काकूंनी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा नाही सांगितलं. पदर खोचला आणि जीपमध्ये जाऊन बसल्या.

सड्यावर धुकं होतं. धोंडिबांनी जीप थांबवली, काकू उतरल्या. दोन पावलं गेल्या असतील, आणि वारा आला. धुकं सरकलं. मंडळी — जांभळा! पायापासून आकाशापर्यंत जांभळा डोंगर! मधमाशांचा आवाज असा, की देवळात खालच्या पट्टीत नामस्मरण चाललंय. त्रेसष्ट वर्षांनी तीच फुलं, तोच वारा. काकूंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आणि आनंद इतका झाला, इतका झाला, की त्या गर्रकन वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, बघा!"

शेजारी कुणी नव्हतं.

संध्याकाळी ट्रॅक्टर आला. डबा निघाला — वर नाही हो, खालच्या बाजूला! उलटा ओढत डांबरी रस्त्यापर्यंत आणला. दिवसभरात त्या वाटेला पाहुणा म्हणून कावळासुद्धा फिरकला नव्हता. प्रल्हादराव दमलेले, हात ग्रीसनं माखलेले. त्यांनी काकूंच्या केसांत अडकलेली पाकळी पाहिली आणि चाचरत विचारलं, "कशी होती गं?"

"छान होती."

"उद्या धोंडिबांना सांगून जाऊ या? दोघं?"

काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. माझं बघून झालं. जाताना जीपमध्ये शेजारची जागा रिकामी होती ना, तिच्यावर मी वरपर्यंत हात ठेवून बसले होते. तेवढं पुन्हा नाही जमायचं मला."

पेटीवाले, जरा थांबा. आत्ता सूर नको.

मंडळी, प्रल्हादरावांवर रागावू नका. ते वाईट नव्हते, आणि तुम्ही त्यांच्याहून शहाणे नाही. खोटं वाटतं? आपापल्या शेजारी बघा. सतरंजीवर रुमाल टाकलाय, पिशवी ठेवलीय, जागा धरलीय! कुणासाठी? कुणीतरी येईल म्हणून! आणि जी घरी एकटी बसलीय, जिला निघताना "येतेस का?" एवढं दोन शब्दांत विचारलं नाहीत, तिची जागा कुठंय? जो म्हातारा बाप ओसरीवर बसवून आलात, त्याची कुठंय? गाभाऱ्यातल्या देवाला पाहुणा समजून नैवेद्य दाखवता. अरे, तो पाहुणा नाहीये! तो घरातलाच आहे, आणि तुमच्या हाकेची वाट बघून कंटाळलाय!

आरतीला अजून अर्धा तास आहे. रुमाल उचला, घरी जा, आणि त्या माणसाला घेऊन या. जा म्हणतो ना! आरती थांबेल. मी इथंच बसलोय.