सीझनमध्ये चालती मशीन

कॉलेज सोडलेल्या पोराला अक्कल नसते म्हणणाऱ्यांनी आमच्या आर्वीच्या जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, मॅनेजर काका पाहायला हवे होते. मी तिथे कॉम्प्युटर सांभाळायचो. व्यापाऱ्यांना पाठवायचे कापसाचे फोटो मोठे, म्हणून मेल सर्व्हर ते परत फेकायचा. मी सेटिंगमधली मेलच्या आकाराची मर्यादा वाढवली. फरक शून्य. पुन्हा वाढवली, तरी तेच.

काका म्हणाले, "आज फोटो गेले नाई, तर उद्या येऊ नको."

"काका, सर्व्हर एकदा बंद करून चालू करू द्या. नवी सेटिंग तो सुरू होतानाच वाचतो."

"सीझनमध्ये चालती मशीन बंद करत नाई आपण. तुया जन्माआधीपासून जिनिंग चालवतो मी, मले शिकवून राह्यला काय बे?"

दुपारी काकांना मोबाईल चार्ज करायचा होता. त्यांनी सरळ सर्व्हरचाच प्लग उपटला. मी बोंबललो, तेव्हा परत लावला. सर्व्हर सुरू झाला, फोटो पुन्हा पाठवले, धडाधड गेले.

काका सगळ्यांना सांगत सुटले, "पोट्ट्याले जमलं नाई, माया हात लागला अन् झालं!"

मी म्हटलं, "काका, आता डोकंही एकदा असंच बंद करून चालू करा."

फोटो गेले, त्यांच्या मागोमाग मीही.