पंचांना न दिसलेले

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय भगवानराव काका, अंबाजोगाईहून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या क्रीडाशिक्षिका विजयमाला मॅडम, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, गुरुजन, पालक आणि माझ्या मैत्रिणींनो,

मी सुनिता. शाळेत पहिली आले म्हणून हे भाषण माझ्याकडे आले. एरवी चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. बोलण्यापूर्वी मी माइकचा स्टँड मॅडमच्या उजव्या हाताला ओढून घेतला, त्याबद्दल माइक सांभाळणाऱ्या शहादेवदादांनी राग मानू नये. मॅडमना डाव्या कानाने आता ऐकू येत नाही.

निमंत्रणपत्रिकेत छापले आहे की मैदानावर झालेल्या अपघातानंतर मॅडम स्वेच्छेने सेवामुक्त होत आहेत. पत्रिका सुबक आहे. त्यातील ‘अपघात’ या शब्दाविषयी मला थोडे बोलायचे आहे.

खेळाडूचे मन कणखर कसे होते, हा विषय प्रमुख पाहुण्यांनी आताच फार सुंदर मांडला. मार सोसूनच ते घडते, असे त्यांचे म्हणणे. मी वयाने लहान आहे, तरी नम्रपणे विचारते, मार सोसून मन घडत असते तर आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका पदके घेऊन आल्या नसत्या का?

कबड्डी हा हळुवार खेळ नाही. त्यात ओठ फुटतो, पकडीत बरगडीवर टाच बसते, केसांत रक्त आणि माती एकत्र वाळते. मॅडमनी मुलींना हे सगळे शिकवले. मला मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “सुनिता, तुझे पाय कच्चे हायत, डोळे न्हाईत. तू गुण लिहायला बस.” म्हणून सरावाला मी रोज हजर असे.

सराव संपला की त्या मुलींना गोल बसवत आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत, “आज पंचाला न दिसलेलं काय केलंस?” मग एकजण सांगे, “मॅडम, मी हिला चिमटा घेतला.” दुसरी सांगे, “मी येणी ओढली. पण तिनं आधी कोपर मारलं.” त्यावर तिसरी, “कोपर न्हवतं बाई, खांदा व्हता माझा.” सगळ्या हसत. मॅडम फक्त “बरं” म्हणत आणि घरी सोडत. शिक्षा कधीच नसे. आम्हाला तो खेळच वाटे.

आता जानेवारीतील अंतिम सामन्याकडे येते. काकांच्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेला चषक, आपलेच मैदान, समोर आष्टीचा संघ. शेवटची चढाई वैष्णवीची. ती एकीला शिवून परत आली, आपण एका गुणाने जिंकलो, हलगी वाजू लागली, गुलाल उडाला. तेवढ्यात पंच बंकट सरांनी शिट्टी वाजवून वैष्णवीला बाद दिले. शिवण्यापूर्वीच तिचा पाय रेषेबाहेर गेला होता.

रविराजदादा मैदानात उतरले. काकांचे चिरंजीव, पहिल्याच रांगेत बसले आहेत. त्यांनी सरांच्या गळ्यातली शिट्टीची दोरी मुठीत धरली. “आंधळ्या, कुठं व्हता बे पाय बाहेर? दाव.” सरांचा चेहरा काळानिळा पडू लागला. मॅडम धावत आल्या, पण सरांशी बोलल्या नाहीत. त्यांनी वैष्णवीला विचारले, “पाय गेलता का?”

सारे गाव ऐकत होते. वैष्णवी म्हणाली, “गेलता मॅडम. शिवायच्या आधी गेलता.”

तिच्या सख्ख्या चुलत्याने, रामेश्वरकाकांनी, तिच्या तोंडात मारली. “घरचं खायचं आन् गावाची अब्रू इकायची व्हय गं?” ती गुडघ्यावर पडली, उठली आणि पुन्हा म्हणाली, “गेलता.”

त्यानंतर जे झाले ते सांगायला माझे पाठ्यपुस्तकातले मराठी अपुरे आहे. सरांना खाली पाडून लाथा घातल्या. तोंडावर बसलेल्या एका लाथेने त्यांचे पुढचे दात तुटून मातीत पडले. मैदानाभोवती दोरीसाठी रोवलेले बांबू उपटून लोक धावले. तेव्हा मॅडम ओरडल्या, “पोरींनो, साखळी धरा.”

मुलींनी सरांभोवती हात धरले. पकड करताना धरतात तसेच, मनगटात मनगट. समोर परके कोणी नव्हते. कोणाचा बाप होता, कोणाचा भाऊ. बांबू मनगटांवर बसत होते. एकीचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिने हात सोडला नाही. रविराजदादांनी लोखंडी खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि सरांच्या डोक्याच्या दिशेने हाणली. मॅडम मध्ये आल्या. खुर्ची त्यांच्या डाव्या कानावर बसली. रक्त मानेवरून पदरापर्यंत आले, तरी त्या साखळीतच उभ्या होत्या.

रविराजदादा, कृपया बसून घ्यावे. माझे थोडेच राहिले आहे.

पुढे चौकशी झाली. मॅडम खुर्चीला अडखळून पडल्या आणि त्यांच्या हलगर्जीपणामुळे मुली जखमी झाल्या, असे ठरले. मॅडमनी खुर्ची मारणाऱ्याचे खरे नाव सांगितले होते. पण व्यासपीठावरच्या कोणी काही पाहिले नव्हते, प्रेक्षकांत कोणी काही पाहिले नव्हते. गुण लिहिणाऱ्या मुलीला कोणी विचारलेच नाही. माझे टेबल त्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर होते.

माइक बंद झालेला दिसतो. असू द्या, शहादेवदादा, तुमचा नाइलाज मला समजतो. मॅडमना ऐकू जाईल इतका आवाज माझ्याकडे आहे.

अध्यक्ष महोदय, आपण आता मॅडमना शाल पांघराल. ती त्यांनी स्वीकारावी की नाही, हे मी सांगणारी कोण? मी एवढेच सांगते की उद्या सकाळी मी आणि आई बीडला जाऊन पोलिसांकडे माझा जबाब लिहून देणार आहोत. काल रात्री हे ठरवताना आईला भीती वाटली. मलाही वाटते. वैष्णवीला मैदानावर वाटली नसेल, असे मात्र समजू नका.

मॅडम, तुम्ही मला गोलात कधी बसवले नाही, कारण मी खेळत नव्हते. आज न विचारता सांगितले. जे पंचांना दिसले नाही, ते हे होते.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल मनापासून आभार. माझ्या उच्चारात, मान्यवरांच्या क्रमात किंवा वेळेच्या मर्यादेत चूक झाली असेल, तर मला क्षमा करावी. बाकी जे बोलले, त्याची क्षमा मी मागत नाही.