नक्कल काढण्याची परवानगी

आधी वार लिहून घ्या. सोमवार, मी वाचनालयाच्या समितीकडे लेखी तक्रार केली, जबाबदार मी. त्याच आठवड्यातला शनिवार, पायऱ्यांपाशी विकायला ठेवलेल्या सीडींची पेटी वाचनालयाच्या कपाटात बंद झाली, जबाबदार सचिव. पुढचा मंगळवार, मी तक्रार मागे घेतली, पोच माझ्यापाशी आहे. त्यानंतर चार पत्रे, एकाचेही उत्तर नाही. जबाबदार संपूर्ण समिती.

आता माझे ऐका. जन्म भातकुलीचा, नोकरी अमरावतीच्या न्यायालयात, नक्कल विभागात. काय सांगू तुम्हाला, शिक्का आणि सही झाल्याशिवाय एक कागद मी खिडकीबाहेर जाऊ दिला नाही, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही, तो अजून माझ्याशी बोलत नाही.

तर वाचनालयाच्या पायऱ्यांपाशी पातूरची वैशाली दर शनिवारी टेबल मांडायची. एका प्लेट गिल्या वड्याच्या भावात सीडी. ती घातली की जुनापुराणा संगणक पुन्हा चालतो, कारण तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिम असते, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारी व्यवस्था, आणि तीही मराठीतून. जगभरातले लोक मिळून ती घडवतात, तिचे मराठी अंग ही बाई सांभाळते, आणि त्या कामाचा खर्च याच विक्रीतून निघतो. मला हे काहीच ठाऊक नव्हते. मी फक्त सीडीवरची अक्षरे वाचली: हिची नक्कल काढा, वाटा, विका. मला तो आरोपीच्या हस्ताक्षरातला कबुलीजबाब वाटला, आणि इथे बेकायदा नकला विकतात अशी तक्रार मी तिथेच उभ्या उभ्या लिहिली, सोमवारी दिली.

पेटी बंद झाल्यावर ती रविवारी माझ्या घरी आली. भांडली नाही. परवान्याचा कागद पुढे ठेवला आणि म्हणाली, काका, तुमी कायद्याचे मानूस, आधी वाचा न, मंग बोला.

मी दोनदा वाचला. लाल पेन्सिल हातात होती, ती कुठेच टेकली नाही. अहो, आयुष्यभर मी ज्या कागदांच्या नकला केल्या त्यांत हे माझे आणि हे तुझे नाही, एवढाच तंटा. इथे मालक कायद्याचाच आधार घेऊन सांगतो की घे, उघडून बघ, बदल, पुढे दे, फक्त पुढच्याचा हाच हक्क बुडवू नकोस. इतका उदार आणि तरीही इतका पक्का दस्त माझ्या खिडकीतून कधी गेला नव्हता.

मी विचारले, एकाने सीडी घेऊन गावभर वाटली तर तुझे काय? ती म्हणाली, वाटू द्या न बाप्पा, त्याच्यासाठीच तं करून रायली मी. तुमच्या भातकुलीच्या मास्तरानं एका सीडीवर अख्ख्या शाळेचे संगणक चालू केले, अन् तरी दर साली येऊन एक घेते. म्या म्हटलं, सर, तुमाले आता काहून लागते? तं म्हणे, मले नाही लागत, तुले लागते.

हे ऐकून मी परवान्याच्या तळाशी सही-शिक्का शोधू लागलो. माझी बायको आतून म्हणाली, ऐकून घ्या, सही नसताना खरं निघालं.

आता टेबल बंद, म्हणून विक्री बंद, म्हणून पुढच्या आवृत्तीचे काम थांबले. वैशालीने अकोल्याला कोचिंग क्लासमध्ये शिकवणी धरली आहे. दिवाळीपर्यंत वाट पाहीन, मंग सोडून देईन, म्हणते. आणि सचिव मला सांगतात, साहेब, तक्रार घ्याचा फॉर्म हाय आमच्यापाशी, वापस घ्याचा नाही.

म्हणून माझी मागणी अशी. वार्षिक सभेत, सर्व सभासदांसमोर, समितीने माझी तक्रार माझ्या नावासह मोठ्याने वाचावी आणि मी चुकलो असे मला तिथेच म्हणू द्यावे. त्यानंतर सचिवांनी उभे राहून सांगावे, की मालकाने जे वाटायला सांगितले ते त्यांनी कोणत्या नियमाने कुलपात ठेवले. उत्तर बंद पाकिटात पाठवू नये, मी ते घेणार नाही.