मशीनवर कोण आहे?

डिचोलीच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. एक पेडण्याकडची, वयस्क. दुसरी तरुण, बेळगावकडची मंजुळा.

"तुजा कोण गो भितर?"

"मालक, आमचं घरधनी. म्हंजी, असं म्हनत्यात."

"म्हणतत म्हणजे? तुका म्हायत नाय?"

"आत सोडत न्हाईत. शेजारचा महेश म्हनाला, केरबादादा खाणीवर खोदायच्या मशीनवरनं पडले, बेशुद्ध हायत. मी हापिसात फोन केला, तर ते म्हनले, केरबा कामावर हाय, त्येच्या मशीनमधला कंप्युटर दाखवतोय."

"कसलो कॉम्प्युटर?"

"जाडजूड असतोय, रबराच्या कडांचा. धूळ, पानी, हादरा, कशानंबी बंद पडत न्हाई. सकाळी ह्यांनी चालू केला की सांजपातुर ह्यांचंच नाव दाखवतोय."

"मगे माणूस पडलो तरी तो सांगतलो, काम चालू असा?"

"त्येच कळंना. हापिसवाले म्हनत्यात, कंप्युटर चुकत न्हाई. मग आत कोन हाय?"

"महेशान डोळ्यांनी बघल्यान?"

"न्हाई. त्यालाबी कुनी सांगितलं."

"घोवाक फोन लाय मगे."

"लावला. वाजतोय, उचलत न्हाईत. मशीनच्या आवाजात ऐकू येत न्हाई त्यास्नी. म्हनून वाटतंय, तिथंच असतील."

दार उघडून नर्स बाहेर आली.

"खाणीवरून आणलेल्या पेशंटचं कोण आहे? शुद्धीवर आलाय. नाव विचारलं तर म्हणतो, आधी चहा आणा. वर आमच्यावरच चिडतो."

"मग त्येच हायत, चहाबिगर बोलतच न्हाईत," मंजुळा म्हणाली. ती उठली, आणि दोन पावलं टाकून परत बाकावर बसली. "पर चहा तर कुनीबी मागंल."