पान तीनवरचं स्वागत

(सोमवार, सकाळचे सव्वानऊ. बोरिवलीत एका ख्रिस्ती सेवासंस्थेचं ऑफिस.)

दर्शना : सुलक्षणाताई, पान तीन उघडा. हा फोटो कोणी टाकला?

सुलक्षणा : आधी जय ख्रिस्त तरी म्हणशील की नाही? आल्या आल्या अंगावरच! मीच टाकला. ‘आपली माणसं’ हे आपलं साप्ताहिक बावीस वर्षं मी काढते, दुसरं कोण टाकणार? आपली नवीन स्वयंपाकीण आहे ती, मनोरीच्या शिबिरघरातली. प्रियंका.

दर्शना : नाव माहितीये मला. मीच आणलंय तिला तिथे.

सुलक्षणा : मग झालं तर. फोटो छान आलाय ना? गेटपाशी उभी आहे, मागे आपली पाटी...

दर्शना : पाटीच तर वाचता येतेय, ताई! वर नाव, आडनाव, मूळ गाव सोलापूर, सध्या मुक्काम मनोरी. अजून काय राहिलं? वाट कशी शोधायची तेपण लिहायचं होतं.

सुलक्षणा : असं काय बोलतेस गं? स्वागताच्या रकान्यात सगळ्यांचंच येतं. शिपाई असो नाहीतर डॉक्टर. तू आलीस तेव्हा तुझंपण आलं होतं. तू बौद्ध, आम्ही ख्रिस्ती, म्हणून वगळलं का मी तुला? तुझ्या आईनं ते पान देव्हाऱ्यात... म्हणजे बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलंय, तूच सांगितलंस.

दर्शना : माझ्यामागे कोणी सुरा घेऊन फिरत नव्हतं.

सुलक्षणा : काय?

दर्शना : तिचा नवरा शोधतोय तिला. अडीच महिन्यांपूर्वी हात मोडलेला, जबडा हा असा सुजलेला, त्या अवस्थेत पळून आली सोलापूरहून. तक्रार केली, तर चौथ्या दिवशी जामिनावर बाहेर. ‘सापडलीस तर या वेळी अर्धवट सोडणार नाही’ म्हणालाय तो. तिच्या आईच्या दारात उभा राहून म्हणालाय.

सुलक्षणा : प्रभू येशू! मला एका शब्दानं कोणी सांगितलं नाही.

दर्शना : दोघांनाच माहीत होतं. मला आणि साहेबांना.

सुलक्षणा : आणि मला का नाही? मी काय परकी?

दर्शना : तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सकाळच्या प्रार्थनेत मोठ्यानं तिचं नाव घेतलं असतं. घेतलं नसतं? सांगा ना.

सुलक्षणा : ...घेतलं असतं.

दर्शना : आणि हे खाली काय? ‘आपल्या या भगिनीच्या घरच्या परिस्थितीसाठी सर्व शाखांनी प्रार्थना करावी.’ हे कुठून आलं?

सुलक्षणा : फॉर्मवर असतं की. वाढदिवस, आवडता पदार्थ, प्रार्थनेचा विषय. तिनं लिहिलं होतं, ‘माझ्या नवऱ्याला राग येऊ नये.’ मला वाटलं, नवरा-बायकोची कुरबुर असेल, चारचौघांत कशाला? म्हणून मी ते बदललं. झाकलं म्हणून खूश होते गं मी! अक्कल गहाण टाकली होती माझी.

दर्शना : ते सोडा आता. हे आपल्या सोलापूरच्या दवाखान्यात जातं?

सुलक्षणा : बत्तीस शाखांत जातं. शनिवारी ग्रुपवर टाकते, सोमवारी प्रार्थनेनंतर वाचून दाखवतात, मग बोर्डावर लावतात. पण वाचणार कोण? आपलेच लोक ना. आपल्यातलं कोण जाऊन त्या राक्षसाला सांगेल?

दर्शना : त्याची सख्खी मावशी. तिथल्या शेवंती सिस्टर.

सुलक्षणा : शेवंती? अगं, मागच्या वर्षी तिच्या सेवेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा अर्धं पान दिलं मी तिला! फोनवर रडली होती.

दर्शना : तिनंच वाढवलंय त्याला. प्रियंकाचा हात मोडला तेव्हा प्लास्टर घालून परत घरी धाडलं. ‘पडली’ म्हणून लिहिलं केसपेपरवर.

सुलक्षणा : मला बसू दे जरा.

दर्शना : बसू नका. सोलापूरला लावा फोन. अजून वाचलं नसेल तर वाचू देऊ नका. ग्रुपवरचं काढायला सांगा.

सुलक्षणा : लावते. थांब, चष्मा कुठाय... हां. हॅलो, चंद्रप्रकाशभाऊ? जय ख्रिस्त. मी सुलक्षणा, बोरिवलीहून. भाऊ, आज ‘आपली माणसं’ वाचलं का? ...आठलाच? ...बरं. नाही, छान, छान आहे अंक, हो. शेवंती सिस्टर होत्या प्रार्थनेला? ...नाहीत? ...रजेवर? ...कधीपासून? ...अच्छा. भाचा सोबत आहे का? ...बरं झालं, या वयात एकटं कशाला. लग्न कुठं आहे म्हणाल्या? ...हो का. नाही, काही नाही भाऊ. ठेवते.

दर्शना : ताई. काय म्हणाले?

सुलक्षणा : शनिवारी संध्याकाळी रजा मागितली तिनं. काल रात्रीच्या गाडीनं भाच्याला घेऊन मुंबईला आली. लग्न आहे म्हणे.

दर्शना : कुठे?

सुलक्षणा : मालाडला.

दर्शना : मालाडहून मार्वे. मार्वेहून बोटीत बसलं की दहा मिनिटांत मनोरी. वाट लागली. गाडी सकाळीच आली असणार, ताई, ते पोचलेपण असतील!

सुलक्षणा : तसं म्हणू नकोस! प्रियंकाला लाव. स्पीकरवर टाक.

दर्शना : उचल गं बाई, उचल... हॅलो? प्रियंका?

प्रियंका : ताई! मीच करणार होते तुम्हाला. बघितलं का? माझं नाव छापून आलंय! इथल्या वॉचमनकाकांनी बोर्डाला लावलं, एक मला दिलं. लई भारी आलाय ओ फोटो. आवडता पदार्थ शेंगाची पोळी, तेबी छापलंय. मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं काय आवडतं म्हणून. सुलक्षणाताईंना सांगा...

सुलक्षणा : मी ऐकतेय, बाळा.

प्रियंका : जय ख्रिस्त ताई! बरोबर म्हटलं ना?

सुलक्षणा : बरोबर म्हटलंस.

दर्शना : प्रियंका, नीट ऐक. तू आत्ता कुठे आहेस?

प्रियंका : स्वयंपाकघरात. अठरा माणसं हायत जेवायला. डाळ टाकलीय.

दर्शना : गॅस बंद कर. मागचं दार लाव.

प्रियंका : का? ...ताई, का?

दर्शना : तो पेपर सोलापूरलापण जातो.

प्रियंका : ...शेवंतीमावशी.

दर्शना : हो.

प्रियंका : म्हणून काल दुपारी तो फोन आला. इथल्या ऑफिसच्या फोनवर. कोण म्हणून विचारलं, तर कुणी बोललंच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं राँग नंबर. ते येणार, ताई. ते निघाले का?

दर्शना : तो मुंबईत आहे. घाबरू नकोस. म्हणजे घाबर, पण हातपाय गाळू नकोस. गेटवर कोणी आहे?

प्रियंका : खिडकीतून बघते... नाही. वॉचमनकाका आणि मासळीवाली.

दर्शना : मार्वेच्या बोटीकडे अजिबात जायचं नाही. वॉचमनकाकांना सोबत घे, मागच्या गल्लीतून रिक्षा पकड, गोराईला जा. तिथून बोटीनं बोरिवलीकडे उतर. मी जेट्टीवर उभी असते. पोलिसांना वाटेत मी कळवते. डोक्यावरून ओढणी घे आणि रिक्षात बसेपर्यंत फोन ठेवायचा नाही. कळलं?

प्रियंका : हां. आणि ते इथं आले, मी नसले, तर? परत शोधतील. कुठंबी येतील ते.

सुलक्षणा : नाही येणार. मी जाते मनोरीला.

दर्शना : ताई, तुम्ही? काहीतरीच काय! तो माणूस...

सुलक्षणा : शेवंती सोबत आहे ना? ती मला ओळखते. तिला मी बसवीन, चहा देईन आणि सांगेन, प्रियंकानं शुक्रवारीच राजीनामा दिला आणि काल संध्याकाळी गेली. गोव्याला. बहिणीकडे.

दर्शना : आणि ती विश्वास ठेवेल?

सुलक्षणा : छापलेलं दाखवीन ना. हे बघ, टाईप करते आत्ता. ‘चूकदुरुस्ती. गेल्या अंकात पान तीनवर ज्यांचं स्वागत केलं, त्या भगिनी राजीनामा देऊन गोव्याला गेल्या आहेत. हे वृत्त वेळेत न कळल्यामुळे चूक झाली. संपादक.’ झालं. सगळ्या शाखांना.

दर्शना : ताई, तुम्ही खोटं छापताय.

सुलक्षणा : बावीस वर्षांत एक ओळ खोटी छापली नाही मी. म्हणूनच ठेवेल विश्वास. देवाचं आणि माझं काय ते मी नंतर बघेन. हे घे, पाठवलं. माझी पर्स दे.

दर्शना : मार्वेच्या बोटीतच भेटले तर?

सुलक्षणा : तर तिथंच सांगेन. मलाही भीती वाटते गं. पण मीच आणलंय त्याला तिच्या दारात. प्रियंका, ऐकतेस ना? दर्शना तुला माझ्या कांदिवलीच्या घरी सोडेल. किल्ली तिच्याकडे देते. कोणाला सांगायचं नाही. मी तर मुळीच कोणाला सांगणार नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही.

प्रियंका : काका आलेत. निघते.

दर्शना : थांब. बोर्डावरचा पेपर काढ आधी. तुझ्याजवळचापण. दोन्ही फाडून टाक, तिथे एक तुकडा राहता कामा नये.

प्रियंका : काढला बोर्डाचा. फाडला.

दर्शना : आणि तुझा?

प्रियंका : ...ताई.

दर्शना : काय गं? लवकर!

प्रियंका : नाव फाडून टाकते. फोटो तेवढा ठेवू का?