कोरड्या बाटल्यांबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव : धनंजय लक्ष्मण पाष्टे, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी (प्रयोगशाळेत प्राणी-मदतनीस), मूळ गाव तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, सध्या राहणार कंपनी कॅम्प, खोली क्रमांक २१४, शारजा. दिनांक १२ मार्च, सकाळी ९.४०. मराठीत सांगितले, भाषांतरकार ईशानी सामंत.

मी आपणहून ठाण्यात येऊन खरे तेच सांगतो, की माझ्या खोलीत राहणारा आणि माझ्याच लॅबमध्ये काम करणारा महादू गोरिवले, वय २९, याचा जीव धोक्यात आहे आणि त्यात माझी चूक आहे.

आमच्या लॅबमध्ये उंदरांना नवीन औषध टोचून ते शरीरातून किती बाहेर पडते ते पाहतात. उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात असतो, खाली नरसाळे, त्याखाली बाटली. रोज सकाळी बाटलीतली लघवी मोजून औषध तपासायच्या मशीनवर देणे हे माझे काम.

१८ फेब्रुवारीला आठ उंदरांना औषध दिले. पहिल्या दिवशी बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सहा बाटल्या कोरड्या, तिसऱ्या दिवशीही त्याच. उंदीर पाणी पीत होते, पण अंग फुगवून बसले होते. आमच्याकडे कोरडी बाटली म्हणजे मदतनीसाने सांडली, असेच धरतात. मागच्या वर्षी एकाला त्यावरून घरी पाठवले. मी घाबरलो. पहिल्या दिवशीची मोजून उरलेली लघवी फ्रिजमध्ये होती, तीच दोन्ही दिवस थोडी थोडी ओतली. त्यामुळे एकदा मोजलेले औषध पुन्हा मोजले गेले आणि रिपोर्टमध्ये ते जवळजवळ सगळे बाहेर पडल्याचे दिसले. तिसऱ्या दिवशी प्रयोग संपला आणि नेमाप्रमाणे उंदीर मारून जाळले. झाकली मूठ राहिली, असे मला वाटले.

९ मार्चला अकराच्या सुमारास महादू तेच औषध टोचत होता. वेळ वाचवायला आम्ही आठ उंदरांचा डोस एकाच सिरिंजमध्ये भरतो. उंदराने हिसका दिला आणि सुई महादूच्या अंगठ्यात गेली. सिरिंज निम्मी रिकामी झाली. सुपरवायझर उपेंद्र सर म्हणाले, "अरे, टेन्शन नको घेऊ. रिपोर्ट बघ ना, तीन दिवसांत नाइन्टी-फोर पर्सेंट आउट. भरपूर पाणी पी, खलास." मी बाजूलाच उभा होतो. बोललो नाही.

१० तारखेच्या संध्याकाळपासून महादूला लघवी झालेली नाही. सरांचे ऐकून तो पाणी पीतच आहे. पाय सुजले आहेत, चप्पल चढत नाही. आज सकाळी म्हणाला, "धनादा, लागल्यासारखं वाटतंय, पण थेंब नाय."

त्या बाटल्या कोणी सांडल्या नव्हत्या. उंदरांना लघवीच झाली नव्हती. हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. मला तुरुंगाची भीती वाटते, घरी दोन मुली आहेत. पण ॲम्ब्युलन्स आधी पाठवा, आणि रिपोर्ट खोटा आहे हे डॉक्टरांना सांगा.

मी निघताना महादूने विचारले, "त्या उंदरांना नीट होत होती ना रे?" मी हो म्हणालो.

हा जबाब ईशानी मॅडमनी मला मराठीत वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि खरा आहे. महादूला सांगितले तेवढे खोटे आहे.

सही : ध. ल. पाष्टे